चंदनाक्कांचा पेनड्राइव्ह

"आवं मास्तर, त्या लाल बटनाला तेवढा हात लावू नका," असं आदगोंडानं भरतेश मास्तरांना दोनदा सांगितलं होतं. एकदा तोंडानं, आणि दुसऱ्यांदा गुलाबजामचं पातेलं उचलून नेता नेता नुसत्या भुवयांनी. तरी मास्तरांनी ते दाबलंच.

आदगोंडाच्या प्रीतीचा साखरपुडा होता, माधवनगरात, बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, शेजारच्या हॉलमध्ये. मुलगा जिनेंद्र, कडेगावकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट. तो भरतेश मास्तरांचा सख्खा भाचा, थोरल्या बहिणीचा, भाग्यश्रीताईचा. मामा म्हटल्यावर माणसानं पाहुण्यांना टोप्या घालाव्यात, नारळ द्यावेत, कोण रुसलंय का बघावं. पण भरतेश मास्तर सांगलीच्या हायस्कुलात बत्तीस वर्षं मराठी शिकवत आले होते आणि माईक दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे जात असे. शाळेचं स्नेहसंमेलन, बस्तीचा पंचकल्याणक उत्सव, सोसायटीची वार्षिक सभा, सगळीकडे सूत्रसंचालन त्यांचंच. बारशातसुद्धा एकदा त्यांनी "यानंतर पाळण्याकडे वळूया" म्हटलं होतं.

हॉलमधला स्पीकर भाड्याचा नव्हता. आदगोंडाची थोरली बहीण चंदनबाला हिचं माधवनगरात शिवणकामाचं दुकान आहे, तिथला तो. पोटाएवढ्या उंचीचा, लाल-निळे दिवे लागणारा. सनई आदगोंडाच्या मोबाइलवरून त्यात सोडली होती. पण मोबाइलमधली सनई ती मोबाइलसारखीच, बारीक. अंगठीची वेळ आली, जिनेंद्रनं डबी उघडली, प्रीतीनं हात पुढे केला, आणि मास्तरांना वाटलं, या क्षणाला भरदार संगीत पाहिजे. त्यांनी आवाज शेवटपर्यंत फिरवला आणि लाल बटन दाबलं.

"यूएसबी मोड!" स्पीकरमधली परदेशी बाई सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी ठणकावून बोलली. आणि काल संध्याकाळी दुकानात जिथं थांबलं होतं तिथूनच गाणं सुरू झालं:

"अंगठी त्याची घालताना बोटात,
आलं का गं माझं नाव ओठात..."

जिनेंद्रचा हात जिथल्या तिथं राहिला. मास्तरांनी घाबरून शेजारचं बटन दाबलं. ते पुढच्या गाण्याचं होतं.

"सुखात नांद गं, सुखात नांद,
माझ्या वाट्याला अर्धाच चांद..."

आणखी एकदा दाबलं.

"पत्र तुझं मी चुलीत घातलं,
धूर अजून डोळ्यात हाय..."

तेवढ्यात आदगोंडा धावत आला आणि त्यानं वायरच उपटली. स्पीकर मेला, माईक मेला, पंखेसुद्धा त्याच बोर्डावर होते, तेही थांबले. ऐकू येत होता तो फक्त पाकघरातल्या तेलाचा आवाज.

मग जिनेंद्रची आत्या बोलली. भाग्यश्रीताईची ही नणंद म्हणजे घरातलं सुप्रीम कोर्ट. "गाणी कुणाची म्हणायची ही? पोरीची काय?"

वाक्य तेवढंच. पण प्रीतीनं पुढे केलेला हात मागे घेतला. मिरजेला औषधांच्या दुकानात नोकरी करणारी हुशार पोरगी, पण तिचा चेहरा असा झाला की कुणालाही वाटावं, हिच्या मनात काहीतरी आहे. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मागून एक म्हातारा स्पष्ट म्हणाला, "आधी इचारून घ्या गड्या, मागनं भानगड नगं."

आता इथं भरतेश मास्तरांनी काय बोलायचं होतं हे पाचवीतल्या पोरालाही कळलं असतं. "बटन मी दाबलं, पेनड्राइव्ह दुकानाचा आहे, मुलीचा काही संबंध नाही." तीन वाक्यं. एरवी तीन वाक्यांची प्रस्तावना तासभर करणारा माणूस. पण माईक बंद होता आणि मास्तरांचं तोंडही त्याच बोर्डावर असावं. ते नुसते त्या लाल बटनाकडे बघत उभे राहिले.

तेव्हा पाकघराच्या दारातून चंदनबाला पुढे आल्या. कमरेला पदर खोचलेला, हातात पुऱ्यांचा झारा. अख्खं माधवनगर त्यांना चंदनाक्का म्हणतं, आपणही म्हणू.

"माझी हायत ती गाणी," त्या म्हणाल्या. "दुकानात लावते. पोरीला काय इचारताय? अंगठी घाला, दिवस मावळाय लागलाय, जेवणं व्हायचीत."

दिवस मावळायच्या आत जेवायचं हा नियम सगळ्या हॉलचा. त्या एका वाक्यानं दोनशे पोटं जागी झाली. अंगठी घातली गेली, सगळ्यांनी णमोकार म्हटला, पानं वाढली. साखरपुडा पार पडला. प्रीती सुटली.

सापडल्या त्या चंदनाक्का. पहिल्या पंगतीतच कुजबुज सुरू झाली. "त्रेपन्न वर्षांची बाई, लग्न न्हाई, आणि दिवसभर असली गाणी?" "कुणीतरी सोडली असणार की." "बिचारी." त्या वाढत वाढत पुढे गेल्या की 'बिचारी' मागून यायचं. भरतेश मास्तरांच्या पानात त्यांनी पुरी टाकली तेव्हा मास्तरांनी मान वर केली नाही. पण समोरच्या पंगतीत बसलेली भाग्यश्रीताई भावाकडे टक लावून बघत होती. कारण कुणी सोडली हे त्या हॉलमध्ये दोघांना माहीत होतं, एक ताईला आणि एक त्यांना स्वतःला. निदान मास्तरांची तशी समजूत होती.

*

गोष्ट एकतीस वर्षांपूर्वीची. तेव्हा भरतेश मास्तर 'मास्तर' नुकतेच झाले होते, केस दाट होते आणि पँटीला इस्त्री असायची. वडील, ताई आणि ते असे तिघं माधवनगरात मुलगी बघायला गेले. मुलीचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, अण्णा म्हणत त्यांना सगळे. पोहे झाले. मास्तरांच्या वडिलांनी "शिवण येतं म्हणे" म्हणून मुलीची परीक्षा घ्यायला सुई-दोरा मागवला. मुलीनं दोरा एका झटक्यात ओवला. वडिलांनी मग तोच उत्साह मुलाच्या बाबतीत दाखवून, "तूपण बघ की ओवून," असा विनोद केला. मास्तरांनी चार वेळा प्रयत्न केला. दोरा प्रत्येक वेळी सुईच्या बाजूनं निघून गेला. मुलगी खाली बघत होती, पण खांदे हलत होते. हसत असणार.

निघताना अण्णा एसटीपर्यंत पोचवायला आले. बस लागली, तरी त्यांनी मास्तरांचा हात सोडला नव्हता. गिरणीतल्या माणसाचा खरखरीत हात. ते काही विचारत नव्हते, नुसते बघत होते. त्या बघण्याला काहीतरी उत्तर देणं भाग होतं. शिकलेला मुलगा, त्यानं शोभेल असा शब्द काढला:

"कळवतो."

हा शब्द आपल्याकडे किती सोयीचा! होकार नाही, नकार नाही, राग नाही, लोभ नाही. चहा घेऊन उठताना खुर्ची मागे सरकवावी तसा तो बोलायचा असतो. अण्णा मात्र गिरणीतले. तिथं भोंगा झाला की पाळी बदलते, त्याला दुसरा अर्थ नसतो. त्यांनी तो शब्द शब्दशः धरला.

पुढं मास्तरांना मिरजेचं स्थळ आलं, राजनंदिनीचं. ते सगळ्यांना आवडलं, मास्तरांना जरा जास्तच. वडील म्हणाले, "माधवनगरला तूच दोन ओळी टाक, तुझं अक्षर चांगलं हाय." मास्तरांनी आंतरदेशीय पत्र आणलं. 'सप्रेम जयजिनेंद्र' लिहिलं. नंतर काय लिहावं कळेना. नकार कसा लिहितात हे मराठीच्या मास्तराला येईना. ते पत्र त्यांनी खिशात ठेवलं, पँट धुवायला गेली, पत्राचा लगदा झाला. मग मनाशी म्हणाले, न कळवणं हेच कळवणं. सगळे तसंच करतात. आणि खरंच, सगळे तसंच करतात.

लग्नानंतर तीनेक वर्षांनी शाळेत एक शिपाई आला, माधवनगरचा. मधल्या सुट्टीत बोलता बोलता त्यानं सहज सांगितलं, "आमच्याकडं एक अण्णा होते मास्तर. पोरीला दोन चांगली स्थळं आलती, पर म्हाताऱ्यानं परत लावली. म्हणले, सांगलीचा निरोप यायचाय. सांगलीचा निरोप काय आला न्हाई. मग गिरणी बंद पडली, म्हातारा आथरूणाला लागला. पोरगी मशीनवर बसली ती बसलीच."

मास्तरांनी त्या दिवशी उरलेले तास 'शुद्धलेखन लिहा' म्हणून काढले.

तेव्हापासून माधवनगरचा रस्ता त्यांना वर्ज्य. ताईकडं कडेगावला जायला तो सरळ रस्ता, पण मास्तर पलूसकडून वळसा घालून जात. "असा का रं आलास?" ताई विचारायची. "तिकडं खड्डे फार," मास्तर सांगत. इतक्या वर्षांत सरकारनं तो रस्ता चार वेळा नवा केला, मास्तरांचे खड्डे काही बुजले नाहीत.

एकदाच बसनं जावं लागलं. बस नेमकी अक्कांच्या दुकानासमोर थांबली. आतून मशीनचा आवाज येत होता आणि टेपवर कुणीतरी पुरुष गळा काढून विचारत होता, तू वचन देऊन विसरलीस कशी. मास्तर सीटवर इतके खाली सरकले की कंडक्टरनं विचारलं, "काय पडलं काय?"

त्या दिवशी त्यांची खात्री झाली. ही गाणी आपल्यासाठी आहेत.

*

माधवनगरात मात्र त्या गाण्यांबद्दल मतं अनेक. कुणी म्हणायचं, गिरणीतल्या एका मेकॅनिकवर जीव होता. कुणी म्हणायचं, फलटणचा एक मिलिटरीतला होता, तो गेला आणि तिकडंच लग्न करून बसला. समोरच्या बनुबाईंनी तर त्या मिलिटरीवाल्याच्या मिशासुद्धा वर्णन करून सांगितल्या होत्या. चंदनाक्कांना थेट कुणी विचारत नसे. त्यांच्या तोंडात कायम टाचण्या. ओठांच्या फटीत सहा-सात टाचण्या धरलेल्या बाईला कोण काय विचारणार, आणि तिनं उत्तर दिलं तरी ते एका शब्दाच्या वर कसं जाणार?

आधी कॅसेटी होत्या. मग सीडी आली, मग मेमरी कार्ड, मग पेनड्राइव्ह. दर दोन महिन्यांनी त्या बिरदेवच्या मोबाइलच्या दुकानात जायच्या.

"अक्का, काय भरू?" बिरदेव विचारायचा.

"रडकी."

"जुनी का नवी?"

"रडकी असली म्हंजे झालं."

"कन्नड टाकू का थोडी? तिकडं लय जोरात रडत्यात."

"टाक. कळत न्हाई, पर रडतोय एवढं समजतं."

ऊस भरलेल्या ट्रॅक्टरवर ज्या गाण्यांचा दणका असतो, तसली सगळी त्यांच्याकडं होती. कारखान्याच्या गाड्या दुकानावरून जाताना ड्रायव्हर आवाज कमी करायचे. आपलं दुःख थोरल्या बाईपुढं कशाला दाखवा.

दुकान मात्र असं होतं की सांगलीहून बायका रिक्षा करून यायच्या. पट्टी न लावता नुसत्या नजरेनं माप. आणि तारीख! शिंप्याचं 'उद्या या' आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. अक्कांच्या तोंडून 'बघू', 'करू', 'या परवा' असलं काही गिऱ्हाइकानं कधी ऐकलं नाही. "गुरुवारी चार वाजता" म्हटलं की गुरुवारी चारला ब्लाऊज खुंटीवर. जमणार नसेल तर "जमणार न्हाई." घरच्या लग्नातसुद्धा तसंच. प्रीतीचा साखरपुड्याचा ब्लाऊज वेळेत झाला होता, पण चुलत बहिणीनं आदल्या दिवशी आणलेला पीस अक्कांनी परत दिला होता. त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता.

*

साखरपुड्यानंतर आठवड्यानं ताईचा फोन आला.

"भरतेश, वन्संचं काय म्हणणं हाय सांगू? हळदीला त्या अक्कांनी पुढं होऊ नये म्हणतात. असल्या रडक्या बाईचा पहिला हात नवरीला लागाय नको."

प्रीतीची आई तिच्या लहानपणीच गेलेली. चंदनाक्कांनीच तिला वाढवलं. हळदीचा पहिला हात त्यांचा, यात माधवनगरात कुणाला शंका नव्हती.

"मग तू काय म्हणालीस?" मास्तरांनी विचारलं.

"मी काय म्हणणार? मला वाटलं, तुला काय म्हणायचं असंल तर म्हणशील." आणि ताईनं फोन ठेवला. ताई शिक्षिका नव्हती, पण शिक्षा कशी करायची तिला बरोबर माहीत होतं.

मास्तर दिवसभर घरात फेऱ्या घालत राहिले. राजनंदिनीबाईंनी संध्याकाळी भाजी निवडता निवडता विचारलं, "काय हरवलंय?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. सुई, दोरा, 'कळवतो', शिपाई, पलूसचा वळसा. राजनंदिनीबाईंनी मेथीची काडी मोडली. "इतकी वर्षं मी म्हणत होते, ह्यांना खड्ड्यांची एवढी भीती का. जावा कडेगावला. उद्याच जावा."

दुसऱ्या दिवशी मास्तर कडेगावला गेले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून माधवनगरवरून गेले. दुकानासमोरून जाताना मात्र गाडीची काच वर घेतली. ताईच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, सगळे बसलेले. मास्तर उभे राहिले. माईक नव्हता. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना, शेवटी ते मागे बांधले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"बटन मी दाबलं होतं," ते म्हणाले. "आदगोंडानं सांगितलं होतं दाबू नका म्हणून. आणि त्या अक्कांना ज्यानं ताटकळत ठेवलं तो दुसरा कुणी नव्हता. मीच. ती गाणी... त्याला कारण मी आहे."

जिनेंद्र मामाकडे असा बघत होता की जणू मामाला आरोपीच्या पिंजऱ्यात बघतोय. मग आत्याबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्यासाठी? आवं, तुमच्यासाठी तीस वर्षं?" मास्तरांच्या टकलाकडे बघून त्या पुन्हा हसल्या. मग पदरानं डोळे पुसता पुसता त्यांचं हसू थांबलं. स्वतः आत्याबाईंची एक मुलगी होती, तिलाही दोन जणांनी 'कळवतो' सांगितलं होतं, हे सोप्यातल्या सगळ्यांना माहीत होतं.

"हळदीचा पहिला हात त्यांचाच," आत्याबाई म्हणाल्या. "आणि हे तुमी सवता जाऊन सांगायचं. फोन न्हाई."

*

रिकाम्या हातानं माफी मागायला जाऊ नये म्हणून राजनंदिनीबाईंनी एक ब्लाऊज पीस दिला. "मोरपंखी आहे, अस्तर लावा म्हणावं," एवढी सूचनाही दिली. मास्तर पिशवी घेऊन अक्कांच्या दुकानात शिरले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आत चार बायका आणि एक गाणं होतं. गाण्यातला माणूस कुणाच्या तरी वरातीमागं अनवाणी चालला होता. बायकांनी मास्तरांना बघितलं, एकमेकींना बघितलं, आणि चौघींनाही एकदम घरची कामं आठवली.

अक्का पाय मारत होत्या. तोंडात टाचण्या. मास्तर स्टुलावर बसले. ते स्टूल बायकांची मापं घेताना पोरांना बसवायचं, त्यामुळं मास्तरांचे गुडघे छातीपर्यंत आले. शिवाय एक अडचण वेगळीच होती. सगळ्या गावासारखं त्यांनाही 'अक्का' म्हणायचं होतं, आणि जिला आपण एकदा बघायला आलो होतो तिला अक्का म्हणताना जीभ दोनदा अडखळली.

"अ... अक्का, आत्याबाईंचा निरोप आहे. हळदीचा पहिला हात तुमचा."

"बरं," टाचण्यांमधून आलं.

"बटन मी दाबलं, हे मी सगळ्यांना सांगितलं."

"बरं."

"आणि दुसरंही सांगितलं. ते जुनं. ही गाणी माझ्यामुळं आहेत, ते."

मशीन थांबलं. अक्कांनी तोंडातल्या टाचण्या एक एक काढून उशीत टोचल्या. सात होत्या. मास्तरांनी मोजल्या.

"तुमच्यामुळं?" अक्का म्हणाल्या. "ही गाणी?"

"म्हणजे... मी समजत होतो..."

"आवं मास्तर, उडतं गाणं लावलं की पाय पळतोय. पाय पळाला की टीप वाकडी जाती. रडकं गाणं दमानं चालतंय, पाय पण दमानं चालतोय. गळा, बाही, सगळं सरळ येतं." त्यांनी शिवलेल्या कापडाची कड मास्तरांपुढं धरली. टीप पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. "पैल्यांदा भजनं लावून बघितली. टाळ आला की पाय नाचतोय. मग रडकी धरली."

मास्तरांनी टिपेवरून बोट फिरवलं. एकतीस वर्षांचं ओझं उतरलं म्हणून त्यांना हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, क्षणभर. पण त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी आलं, आणि ते काय आहे हे कळल्यावर मास्तरांना स्वतःची जास्तच लाज वाटली. त्यांना वाईट वाटलं होतं. आपल्यासाठी कुणी रडत नव्हतं, याचं वाईट.

"आणि हे कडेगावात सांगून आलात?" अक्कांनी विचारलं. "मी तुमच्यासाठी रडते म्हणून?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"उभं राहून."

अक्का हसल्या. खांदे हलले. मास्तरांना ते खांदे ओळखीचे वाटले. सुईचा दोरा चौथ्यांदा बाजूनं गेला होता तेव्हा हलले होते तसेच.

"मग आता त्यास्नी खरं काय ते सांगा जावा. माईकवर नगं," त्या म्हणाल्या.

गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायला थोडी फट होती, तेवढ्यात अक्का बोलल्या. आता हसत नव्हत्या.

"मला काय, मी तुमचं तोंडपण धड बघितलं न्हवतं. हात बघितला, दोरा ओवताना. थरथरत होता. म्हटलं, हा माणूस भितोय. बास." त्यांनी कात्री उचलली, उगाच बंद केली, खाली ठेवली. "वाट बघत होते ते अण्णा. रोज अकराच्या टायमाला त्या उंबऱ्यावर बसायचे. पोस्टमन भाऊसो लांबनंच हात हलवून न्हाई म्हणायचा. तरी बसायचे. 'शिकलेला माणूस हाय, कळवतो म्हणलाय, कळवंल,' म्हणायचे. गिरणी बंद झाली तवापण म्हणायचे. शेवटी शेवटी भाऊसो दुसऱ्या गल्लीनं जायला लागला."

मास्तर उंबऱ्याकडे बघत होते. उंबरा झिजलेला होता, मधोमध खोलगट. दुकानात येणाऱ्या बायकांच्या पायांनी झिजला असणार. पण मास्तरांना तिथं बसलेला माणूसच दिसत होता, खरखरीत हातांचा, अकरा वाजता.

"न्हाई म्हणला असता तर एक दिवस रडले असते," अक्का म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी दुसरीकडं गेले असते. माणसाला न्हाई सोसतं. कळवतो सोसत न्हाई."

पुढचं गाणं लागलं. अक्कांनी पुढचं कापड घेतलं. मास्तरांनी पिशवीतून मोरपंखी पीस काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. तीन वाक्यं त्यांनी येताना गाडीत पाठ केली होती, त्यात अलंकार होते, एक उपमाही होती. त्यातलं एकही आता आठवेना.

"हा... राजनंदिनीचा. अस्तर लावायचं आहे. कधी मिळेल?"

"मंगळवारी. चार वाजता."

"बरं." मास्तर उठले. दारापर्यंत गेले, उंबऱ्यावर पाय देववेना म्हणून तिथंच थांबले, आणि मागे न बघता म्हणाले, "अण्णांना आता काही सांगता येणार नाही. तुम्हाला तरी विचारतो. मला माफ कराल का, अक्का?"

अक्कांनी उशीतल्या टाचण्या एक एक करून परत ओठांत धरल्या, पायाखाली मशीनचा पाटा घेतला, आणि मशीन सुरू करण्याआधी टाचण्यांमधून म्हणाल्या:

"कळवते."